पदवीचा हिशेब : वर्षे किती आणि श्रेयांक किती?

बारावीचा निकाल लागला की खुलताबादच्या तहसील कचेरीच्या आवारात आणि आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते, तिच्यात उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा असे नानाविध दाखले गोळा करीत हिंडणारी मुले-मुली आणि त्यांच्यामागे कागदांची पिशवी सांभाळीत उभे असलेले आईबाप असतात. आणि ‘पोरगं ग्रॅज्युएट व्हायला किती वर्षं लागतील?’ हा त्यांचा प्रश्न पिढ्या उलटल्या तरी बदललेला नाही. त्याचे उत्तर मात्र बदलले आहे. पूर्वी ‘तीन वर्षे’ एवढे सांगून कारकून मोकळा होत असे. आता तोच कारकून सांगतो की, तीन किंवा चार, मध्येच सोडले तरी एक-दोन वर्षांचा कागद मिळतो, पण क्रेडिट पुरे भरले पाहिजेत. हे उत्तर अचूक आहे; परंतु ऐकणाऱ्याच्या पदरात त्याने काय पडते, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या एका वाक्याची फोड करून सांगावी, एवढाच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. पदवीची वर्षे आजवर अढळ होती आणि नव्या शैक्षणिक धोरणाने ती प्रथमच हलविली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती कधीच अढळ नव्हती. निजामाच्या अमदानीत या भागातील होतकरू मुलाने मॅट्रिक व्हावे, औरंगाबादेस १९२३ साली निघालेल्या इंटरमीजिएट कॉलेजात दोन वर्षे काढावीत आणि मग बी. ए.च्या दोन वर्षांसाठी हैदराबादेस, १९१८ साली स्थापन झालेल्या आणि उर्दूतून शिकविणाऱ्या उस्मानिया विद्यापीठात जावे, असा रिवाज होता. ज्याची ऐपत नसे तो इंटरवरच थांबे आणि कोठल्यातरी दप्तरात अहलकार म्हणून चिकटे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर पदवीसाठी हैदराबादची वाट धरण्याचे कारण संपले. तिकडे महाराष्ट्रात मॅट्रिक अकरावीची असे आणि तिच्यावर कॉलेजची चार वर्षे. १९७५ च्या सुमारास दहावी, दोन वर्षांचे कनिष्ठ महाविद्यालय आणि तीन वर्षांची पदवी असा नवा आकृतिबंध आला, तेव्हाही त्या काळच्या आईबापांनी ‘मुलाचं एक वर्ष वाढलं की कमी झालं?’ म्हणून अशीच विचारपूस केली होती. अकरा अधिक चार काय आणि दहा, दोन, तीन काय, बेरीज पंधराच येत होती! आता प्रथमच ती बेरीज, ज्याला हवी असेल त्याच्यापुरती, सोळावर जाते. एवढाच काय तो वर्षांच्या बाबतीतला खरा नवेपणा.

खरा बदल मोजमापात झाला आहे. पूर्वी वर्ष हे माप होते. आता श्रेयांक, म्हणजे ज्याला विद्यार्थी सरसकट ‘क्रेडिट’ म्हणतात ते, हे माप आहे. या मापाचा उगम मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाच्या देणगीतून १९०६ च्या सुमारास प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देणारी एक संस्था उभी राहिली. तिने अशी अट घातली की, ज्या महाविद्यालयांना हे निवृत्तिवेतन हवे असेल त्यांनी प्रवेशासाठी शालेय अभ्यास ठरावीक तासांच्या एककात मोजावा. आणि म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनपायी रूढ झालेल्या या तासमोजणीतूनच पुढे महाविद्यालयीन क्रेडिटची पद्धत स्थिरावली. ज्ञान तासांनी मोजता येते काय, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही गैरलागू नाही. तथापि मोजणाऱ्याला काहीतरी माप लागतेच, आणि वर्षाच्या मापापेक्षा तासाचे माप विद्यार्थ्याला अधिक हक्क देणारे आहे, असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढील हिशेबावरून ध्यानात येईल.

आपल्याकडे एका सत्रात पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, आणि प्रयोगशाळेतील किंवा तत्सम प्रत्यक्ष कामाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक, असे प्रमाण धरलेले आहे. म्हणजे चार श्रेयांकांची अभ्यासपत्रिका असेल तर तिच्या सत्रभरात साठ तासिका व्हावयास हव्यात. एखाद्या विषयाच्या तासिका अर्ध्याच झाल्या आणि परीक्षा मात्र पुरी झाली, तर ‘आमच्या उरलेल्या तासांचे काय?’ असे विनयपूर्वक विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्याला या मापाने दिला आहे. वर्षाच्या जुन्या मापात तो नव्हता, कारण वर्ष हे कोणी शिकवो न शिकवो, संपतेच. अर्थात हा दंडक दोन्हीकडून लागू आहे. सकाळच्या पहिल्या बसने शहर गाठून दुपारी परतणाऱ्या, किंवा वेरूळच्या लेण्यांपाशी पर्यटकांच्या हंगामात चार पैसे मिळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हजेरीचा पंचाहत्तर टक्क्यांचा निर्बंध डोळ्यांआड करू नये.

आता मुख्य आकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा जो श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार वर्षाला किमान ४० श्रेयांक धरून तीन वर्षांच्या पदवीस १२० आणि चार वर्षांच्या ‘ऑनर्स’ पदवीस १६० श्रेयांक लागतात. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने हा आराखडा राज्यासाठी स्वीकारताना प्रत्येक सत्रास २० ते २२ श्रेयांकांची मुभा ठेवली. त्यामुळे आपल्याकडे पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४, दुसऱ्याअखेर ८० ते ८८, तिसऱ्याअखेर १२० ते १३२ आणि चौथ्याअखेर १६० ते १७६ अशी चढती शिडी तयार झाली. १३ मार्च २०२४ च्या निर्णयाने तपशिलात काही फेरबदल झाले, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवी रचना अंमलात आली. खुलताबादची चिश्तिया आणि कोहिनूर ही दोन्ही महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचाच नियम येथील विद्यार्थ्यास लागू आहे. सबब बेरजेचा अखेरचा आकडा आपल्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातून आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावरून पाहून घ्यावा, शेजारच्या जिल्ह्यातल्या आतेभावाच्या सांगण्यावरून नव्हे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. नुसती बेरीज भरून भागत नाही; प्रत्येक रकान्यातील बेरीज भरावी लागते. मुख्य विषय हा गाभा, त्याच्या जोडीला गौण विषय, वेगळ्याच विद्याशाखेतून निवडावयाचा खुला ऐच्छिक विषय, व्यावसायिक आणि कौशल्यविषयक अभ्यासपत्रिका, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना यांसारखे सहअभ्यासक्रम, आणि पुढे प्रत्यक्ष कार्यानुभव, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क असे हे रकाने आहेत. एखाद्याने सहाही सत्रांत मुख्य विषयात उत्तम गुण मिळविले आणि दोन श्रेयांकांची एक किरकोळ वाटणारी पत्रिका तेवढी राहिली, तर त्याची पदवी त्या दोन श्रेयांकांपायी अडून बसते. एटीकेटीची सवलत पुढच्या वर्षात जाण्याची मुभा देते, मागचा रिकामा रकाना भरून देत नाही, हे ज्यांना तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस उमगते त्यांची नोकरीच्या अर्जाची मुदत बहुधा त्याच महिन्यात टळते.

क्षेत्रीय प्रकल्पाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या बाबतीत खुलताबादचा विद्यार्थी शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षा सुदैवी आहे आणि त्याला स्वतःच्या सुदैवाची वार्ता नाही. प्रकल्प म्हणजे दुकानातून विकत आणलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीची चाळीस पाने, असा जो समज रूढ होऊ पाहत आहे तो घातक आहे. ज्या तालुक्यात वेरूळची लेणी आहेत, घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे, भद्रा मारुतीस श्रावणी शनिवारी पायी येणाऱ्यांची रीघ लागते, जेथे मलिक अंबर आणि औरंगजेब हे परस्परांहून सर्वस्वी भिन्न असे दोन पुरुष एकाच कसब्याच्या मातीत चिरविश्रांती घेत आहेत, आणि जेथून म्हैसमाळचे पठार हाकेच्या अंतरावर आहे, तेथे इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या, वनस्पतिशास्त्राच्या वा वाणिज्याच्या विद्यार्थ्याला विषय शोधण्यासाठी इंटरनेटच्या दारी जावे लागावे, याला काय म्हणावे! यात्रेच्या दिवसांत एका फुलविक्रेत्याची उलाढाल किती होते, पावसाळ्यात म्हैसमाळला कोणती रानफुले कोणत्या क्रमाने फुलतात, दर्ग्यांच्या परिसरातील जुन्या फारशी शिलालेखांची आज काय अवस्था आहे, यांपैकी कोणताही विषय प्रामाणिकपणे तीस तास प्रति श्रेयांक खर्चून हाताळला, तर मुलाखतीत सांगण्याजोगे काहीतरी पदरी पडते.

गुणांकनाचाही एक हिशेब श्रेयांकांशी निगडित आहे. प्रत्येक पत्रिकेतील श्रेणीला दहापैकी अंक असतात आणि सरासरी काढताना त्या अंकांना श्रेयांकांनी गुणावयाचे असते. समजा, चार श्रेयांकांच्या पत्रिकेत ७ आणि दोन श्रेयांकांच्या पत्रिकेत १० अंक मिळाले. साधी सरासरी साडेआठ येईल, परंतु विद्यापीठ २८ आणि २० मिळून ४८ धरील, त्यास सहाने भागील आणि ८ देईल. तात्पर्य असे की, मोठ्या पत्रिकेतील ढिलाई लहान पत्रिकेतील चमकेने भरून निघत नाही. अभ्यासाचे वेळापत्रक आखताना हा गुणाकार भिंतीवर लिहून ठेवावा.

मध्येच बाहेर पडण्याची जी सवलत नव्या धोरणाने दिली आहे, तिच्याकडे आता वळू. पहिले वर्ष पुरे करून ४० ते ४४ श्रेयांक मिळविले आणि त्यावर चार श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनंतर त्याच रीतीने पदविका मिळते. तीन वर्षांनंतर पदवी. बाहेर पडलेल्यास तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकंदर अभ्यासक्रम सात वर्षांच्या आत संपवावा लागतो. ज्या घरात बाप आजारी पडला, शेती एकट्या आईवर आली, आणि मुलाला वर्षभर कॉलेज सोडणे प्राप्त झाले, त्या घराला ही सवलत खरोखरीच उपकारक आहे. पूर्वी अशा मुलाच्या हाती दोन गुणपत्रिकांखेरीज काही उरत नसे. परंतु सवलत म्हणजे शिफारस नव्हे. ‘एका वर्षात सर्टिफिकेट मिळतंय ना, मग बस झालं’ असे म्हणून मुलीचे शिक्षण थांबविण्यास हा नवा आधार सापडू लागला, तर धोरणकर्त्यांच्या मनात नसलेला अनर्थ घडेल. आणि मला सर्वांत अधिक भय याच गोष्टीचे वाटते. राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेस पदवी लागते, तलाठ्याच्या जागेस पदवी लागते, बँकेच्या अधिकारीपदास पदवी लागते. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर यांपैकी एकही दार उघडत नाही. ज्या आईबापांना निर्णय घ्यावयाचा आहे त्यांनी हे एक वाक्य कृपा करून दोनदा वाचावे.

मग चौथे वर्ष कोणी करावे? ज्यास स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, बँक वा घरचा व्यवसाय यांकडे जावयाचे आहे, त्याला तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे, आणि चौथ्या वर्षाचा खर्च व वेळ त्याने निष्कारण पत्करू नये. ज्याला एम. ए., एम. एस्सी. वा एम. कॉम. करावयाचे आहे त्याच्यापुढे दोन वाटा आहेत : तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि एकाच वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण. दोन्हींची बेरीज पाच. पहिल्या वाटेवर तीन वर्षांनंतर विसावा घेऊन, परिस्थिती पाहून पुढचा निर्णय करता येतो, म्हणून सामान्य परिस्थितीच्या विद्यार्थ्यास मी तीच वाट सुचवीन. ज्याचे मन संशोधनात रमते त्याच्यासाठी मात्र चौथे वर्ष अर्थपूर्ण आहे : पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’ करता येते, त्यात बारा श्रेयांकांचा प्रबंध असतो, आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असणाऱ्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच. डी. प्रवेशासाठी थेट पात्र धरले जाते. मात्र असे संशोधनाचे चौथे वर्ष चालविण्यासाठी त्या विभागात पीएच. डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक असावे लागतात. तालुक्याच्या ठिकाणच्या प्रत्येक विभागात ती सोय असेलच असे नाही. म्हणून तिसऱ्या वर्षात पाऊल टाकतानाच, आपल्या विषयाचे चौथे वर्ष येथे निघणार आहे की त्यासाठी पंचवीस किलोमीटरांवरील शहर गाठावे लागणार आहे, याची प्राचार्यांकडे चौकशी करून ठेवावी.

वैद्यक, अभियांत्रिकी, विधी इत्यादी व्यावसायिक शिक्षणाला हे गणित जसेच्या तसे लागू नाही. त्या त्या क्षेत्राची परिषद आपापले नियम करते. एम.बी.बी.एस. आणि आयुर्वेद पदवी साडेचार वर्षे व एक वर्ष आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षांची, अभियांत्रिकी चार वर्षांची, पण तंत्रनिकेतनाची पदविका केलेल्यास थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, कायदा बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा, बी. एड. पदवीनंतर दोन वर्षांचे. ज्यास घरच्या जबाबदारीमुळे रोज वर्गात जाणे शक्य नाही त्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विचार अवश्य करावा. १९८९ पासून चालू असलेल्या या विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त पदव्यांना नोकरीसाठी समकक्ष मानले जाते, आणि तेथेही हिशेब श्रेयांकांचाच आहे.

हे सारे श्रेयांक जमा होतात ते ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या २०२१ साली सुरू झालेल्या केंद्रीय खात्यात. खाते डिजिलॉकरमार्फत उघडते, त्याला बारा अंकी क्रमांक असतो, आणि प्रवेशाच्या वेळी ‘अपार आयडी’ म्हणून जो मागतात तो हाच. खाते उघडताना एक दक्षता घ्यावी : आधारवरील नाव, दहावीच्या सनदेवरील नाव आणि महाविद्यालयाच्या नोंदीतील नाव यांत काना-मात्रेचा वा वडिलांच्या नावाचा फरक असेल तर श्रेयांक जमा होताना अडथळा येतो, आणि तो दुरुस्त करावयास तिसऱ्या वर्षी निघालेल्या विद्यार्थ्याला जे हेलपाटे पडतात त्यांची कैफियत न ऐकलेलीच बरी. विद्यापीठ बदलावयाचे झाल्यास जमा श्रेयांक बरोबर नेता येतात, मात्र पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावे लागतात. ‘स्वयम्’ या शासकीय संकेतपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांकही, विद्यापीठाने मान्य केलेल्या विषयांपुरते आणि एका सत्राच्या चाळीस टक्क्यांपर्यंत, धरता येतात. नावनोंदणीपूर्वी विभागप्रमुखाची लेखी संमती घ्यावी, म्हणजे नंतर वाद उरत नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेतही पदवीस साधारण १२० क्रेडिट लागतात. पण तेथे ते आठ सत्रांत, सत्रास पंधरा, असे विभागलेले असतात, तर आपला विद्यार्थी तेवढेच श्रेयांक सहा सत्रांत, सत्रास वीस, असे वाहतो. आकडा एकच असूनही तेथील पुष्कळ विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशास चार वर्षांचे पदवीशिक्षण अपेक्षितात, आणि आपल्या १२० कडे पाहून नकार देतात. युरोपात माप निराळे : तेथे वर्षास ६० क्रेडिट आणि एकेका क्रेडिटला पंचवीस ते तीस तासांचा एकूण अभ्यास, म्हणून तीन वर्षांच्या पदवीस १८०, आपल्या १२० ची त्यांच्याशी आकड्यास आकडा अशी तुलना होत नाही, तासांचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब मांडण्यास लागणारा दस्तऐवज म्हणजे प्रत्येक सत्राचा, श्रेयांक आणि तासिका नमूद असलेला अभ्यासक्रम. तो ज्या वर्षी शिकलात त्याच वर्षी महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी घेऊन ठेवावा, कारण अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत दप्तरातून शोधून काढणे कारकुनाच्या मर्जीवर अवलंबून राहते.